खांद्यात सैल

कोटाची उजवी बाही टेबलावर वेगळी पडली होती, खांद्याची शिवण पुरती उसवलेली होती आणि टेपबाईच्या ओठांत चार टाचण्या होत्या. नेमकी त्याच वेळी दुकानाच्या पायरीवर काठी वाजली.

काठीचा तो आवाज बाजारात कोण ओळखत नव्हतं? आधी दोन ठोके, मग जरा थांबणं, मग पुन्हा दोन. माळावरच्यांची आत्या. तिचे डोळे जाऊन सहा वर्षं झाली होती, उजेड आणि अंधार एवढंच काय ते तिला कळायचं. पण डोळ्यांत नुसती नजर असते, आत्याच्या बोटांत अक्कल होती. दाणे मुठीत घेऊन ती शेत कुणाचं ते सांगायची, आणि हात हातात घेऊन माणूस खोटं बोलतोय का तेही. लोक तिच्याशी हात जोडून लांबूनच बोलायचे, ते काही आदरापोटी नव्हे.

"आहेस का गं आत?"

टेपबाईने टाचण्या काढल्या. त्यातली एक जवळजवळ गिळलीच होती.

"आहे की आत्या. या, या. इकडे कुठे वाट चुकलात?" आवाज आपलाच आहे यावर तिचा विश्वास बसेना.

आत्या आत आली. तिच्यामागे कोटवाली, म्हणजे आत्याची भावजय, आणि तिच्यामागे कोटवालीचा मुलगा. तो दारातून वाकून आला. गेल्या वर्षी सरळ आला होता.

आता हा कोट काय प्रकार आहे ते सांगायलाच हवं, नाहीतर पायरीवरच्या काठीने एका बाईचे हातपाय गार का पडावेत ते कळायचं नाही.

माळावरचे आणि ओढ्याकाठचे या दोन घरांचं वैर चाळीस वर्षांचं. सुरुवात शिडीवरून झाली. माळावरच्यांनी शिडी दिली आणि ओढ्याकाठच्यांनी ती परत केली नाही. किंवा केली, पण एक पायरी मोडून. किंवा शिडी मुळात ओढ्याकाठच्यांचीच होती. तुम्ही कुणाच्या ओसरीवर बसून ऐकता त्यावर ते अवलंबून. शिडी कधीच सडून गेली. माणसं मात्र सहा गेली. सहाही धडधाकट, कामाची, पोरंबाळं असलेली. एका शिडीपायी! मूर्खपणाला काही सुमार असतो की नाही? पण हे मोठ्याने बोलायची सोय नव्हती, कारण मूर्खांकडे बंदुका होत्या.

चाळीस वर्षांत या दोन घरांचं एकाच गोष्टीवर एकमत झालं. पहिल्या दोन-तीन खुनांनंतर कुणीतरी एका बारा वर्षांच्या पोराला बापाचा सूड घ्यायला धाडलं. त्याच्या उंचीएवढी बंदूक. कुंपणावर चढताना ती त्याच्याच हातात उडाली आणि पोरगं गेलं; त्या सहांत त्याला कुणी मोजत नाही. त्या दिवशी दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांना लाज वाटली म्हणतात, आणि त्यांनी ठरवलं की यापुढे पोरगं पाठवायचं नाही. पोराचा पुरुष झाला कधी हे कसं ओळखायचं? तर मेलेल्या बापाचा कोट त्याच्या अंगाला बरोबर बसला की. दरवर्षी, बाप गेला त्या तारखेला, सगळ्या घरासमोर पोराला कोट घालायचा. खांद्याची शिवण खांद्याच्या हाडावर आली की पोरगा भरला. मग त्याने जायचं, आणि बापाला मारणाऱ्याला, तो नसेल तर त्याच्या थोरल्या मुलाला, संपवून यायचं. माणुसकीचा नियम होता म्हणे तो.

कोटवालीचा नवरा सहावा. तो गेला तेव्हा अंगात जो कोट होता तोच हा. गडद तपकिरी लोकर, शिंगाची बटणं, पाठीवर डाव्या बाजूला बोट जाईल एवढं भोक. त्या भोकाला सुई लावायची नाही असा सक्त हुकूम होता.

आणि हा कोट शिवला होता टेपबाईच्याच सासऱ्याने, याच टेबलावर. एकोणीस वर्षांपूर्वी दोन्ही घरांत समेट झाला तेव्हा गावच्या मोठ्यांनी एकाच ताग्यातून दोन कोट शिवून घेतले होते, एक माळावरच्या कर्त्याला, एक ओढ्याकाठच्या. बटणं टेपबाईने लावली होती, दोन्हींना सारखी. समेट अकरा महिने टिकला. मग पाण्याच्या पाळीवरून बोलाचाली झाली आणि एका कोटाने दुसऱ्या कोटाला पाठीमागून गोळी घातली.

गोळी घालणारा तुरुंगात तापाने मेला. त्याच्या बायकोने नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन रातोरात गाव सोडलं, आडनाव बदललं आणि ती कुठे गेली ते कुणाला कळलं नाही. टेपबाईला कळलं, पण फार उशिरा. तिची एकुलती एक मुलगी शहरात शिकायला गेली, तिथे तिने लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका शांत, भल्या मुलाशी लग्न केलं. नात दोन महिन्यांची झाली तेव्हा मुलीने आईला स्वयंपाकघरात नेलं, दार लावून घेतलं आणि तो कुणाचा मुलगा आहे ते सांगितलं. सोबत एक गाठोडं दिलं. जावयाच्या आईने मरेपर्यंत पेटीत जपलेला तपकिरी कोट, शिंगाच्या बटणांचा. "आई, हे जाळून टाक," ती म्हणाली.

टेपबाईने तो जाळला नाही. शिवणकाम करणाऱ्या बाईच्या हातून चांगलं कापड जाळलं जात नाही.

त्या वर्षापासून टेपबाई घाबरलेली होती. अधूनमधून नव्हे, कायमची. बाहेर जोरात दार आपटलं तरी तिच्या हातून सुई पडायची. वर्षातून एकदा, त्या तारखेच्या आधी, कोटवाली पांढऱ्या चादरीत गुंडाळलेला कोट घेऊन यायची आणि दरवेळी एकच वाक्य बोलायची, "अस्तर उसवलंय जरा, बघा." तिच्या डोळ्याला डोळा न देता टेपबाई कोट ठेवून घ्यायची. आणि अस्तर उसवलेलंच आहे म्हटल्यावर ती आत हात घालायची. सासऱ्याचा हात सढळ होता, त्याने शिवणींच्या आत भरपूर जादा कापड सोडलेलं होतं. त्याला माया म्हणतात. टेपबाई दरवर्षी ती थोडी थोडी सोडत गेली. आतलं कापड उन्हाने विटलेलं नसायचं, म्हणून ते चहाच्या पाण्याने पुसून बाहेरच्या रंगाला आणायची. पोरगं वाढत होतं आणि कोट त्याच्या अर्धा इंच पुढे पळत होता. चार वर्षं आत्याने खांदा चाचपून म्हटलं होतं, "अजून नाही."

या वर्षी माया संपली. शिवणीच्या आत आता धाग्यापुरतं कापड उरलं होतं. म्हणून टेपबाईने दुसरं गाठोडं सोडलं, जावयाच्या बापाचा कोट काढला, त्याच्या पाठीतून दोन पट्ट्या कापल्या. एकच तागा, एकच रंग. डाव्या खांद्यात पट्टी बसवून झाली होती, जोड इस्त्रीने इतका दाबला होता की बोटालाही लागू नये. उजव्या खांद्याची पट्टी मांडीवर होती.

ती मांडीवर होती हे टेपबाईला आठवलं तेव्हा ती आत्यासाठी बाक पुसायला उठलेली होती, आणि पट्टी जमिनीवर पडलेली होती.

"कोट कुठाय?" बाकावर बसत आत्याने विचारलं.

"इथेच आहे आत्या. अस्तर बदलतेय. बाही काढलीय त्यासाठी."

"अस्तराला बाही काढावी लागते?"

"नीट करायचं तर लागते."

आत्याचा तळहात काठीच्या मुठीवर फिरत होता. मग ती म्हणाली, "माझ्या घराचं मधलं दार आहे ना, त्यातून माझा भाऊ ताठ जायचा. डोकं चौकटीला बोटभर कमी. हा पोरगा परवा त्या दारात धडकला. मी आवाज ऐकला. बापापेक्षा उंच झालाय. आणि कोट त्याला सैल कसा गं?"

"उंची वेगळी, खांदे वेगळे, आत्या. आईच्या अंगावर गेलाय खांद्यांनी."

"असेल." आत्याने कमरेची पिशवी सोडली आणि तिच्यातून सुतळी काढली. काळी पडलेली, जेमतेम हातभर, दोन टोकांना दोन गाठी. "हे बघ. भावाला घरी आणला तेव्हा कोट काढायच्या आधी मी माप घेतलं होतं. या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत. तेव्हा दिसायचं मला. कशाला घेतलं ते आठवत नाही, माणूस तेव्हा काहीही करतं. परवा पेटीत हाताला लागली. चल, बाही जोड. मी बसते इथे. झालं की मापू."

म्हणजे संपलंच. सुतळी अठरा इंचांची असणार, कारण सासऱ्याने कोट अठराच शिवला होता. आज तो, एका खांद्यात पट्टी घातलेला आणि दुसऱ्यात न घातलेला, वीसवर होता. दुसरी घातली तर साडेवीस. सुतळी लावली की खेळ खलास. मग आत्या विचारणार, का? परक्या बाईला काय पडलंय? आणि ती कारण शोधायला लागली की ती धागा ओढत ओढत शहरातल्या त्या दोन खोल्यांपर्यंत जाणार, जिथे दारामागे नातीचे बूट असतात.

टेपबाई मशीनवर बसली. पट्टी नव्हती. ती वाकली, पायांनी चाचपलं, मशीनखाली बघितलं. पट्टी नसेल तर उजवा खांदा आखूड बसणार, कोट वाकडा होणार, परवाच्या तारखेला सगळ्यांसमोर तो पोराला बरोबर बसणार, कारण पोरगं भरलेलं होतं. तिने त्याला दारातून येताना बघितलं होतं, आणि तीस वर्षं खांदे मोजणाऱ्या बाईला टेप लागत नाही.

"काय शोधतेस?" आत्या म्हणाली.

"दोरा, आत्या."

तेवढ्यात तिच्या हातात काहीतरी आलं. लोकरीचं. कोटवाली बाकावरून उठून शेजारी उभी होती. तिने जमिनीवरची पट्टी उचलून, काही न बोलता, टेपबाईच्या तळव्यात ठेवली होती आणि बोटं मिटवली होती.

"हा घ्या दोरा," कोटवाली मोठ्याने म्हणाली. "टेबलाखाली गेला होता."

टेपबाईने वर बघितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिने या बाईच्या तोंडाकडे नीट बघितलं. सुकलेला चेहरा, डोळ्यांखाली काळं. भीती होती त्यात. ती टेपबाईला चांगलीच ओळखीची होती, रोज सकाळी आरशात दिसायची ती.

मग तिला अस्तर दिसलं. टेबलावर ते समोरच होतं, चार दिवस होतं. जुनं अस्तर विरतं ते काखेत आणि कोपरात, आणि विरताना त्याचे धागे केसाळ होतात. हे खांद्यापाशी उसवलं होतं, नेमकं शिवणीवर, आणि प्रत्येक टाका मधोमध सफाईने कापलेला होता. ब्लेडने. दरवर्षी. पेटीत घडी घालून ठेवलेल्या, वर्षातून एकदा अंगावर चढणाऱ्या कोटाचं अस्तर दरवर्षी उसवतं कसं, हा प्रश्न शिवणकामात केस पांढरे झालेल्या बाईला एकदाही पडला नव्हता. आपली लबाडी उघडी पडेल या धास्तीत तिने दुसरीची लबाडी बघितलीच नव्हती. कोटवाली तिला कोट उघडून देत होती. आणि टेपबाई तिच्यापासूनच लपवत होती.

"चालव ना मशीन," आत्या म्हणाली.

टेपबाईने मशीन चालवलं. पट्टी खांद्याला, मग बाही पट्टीला. पायडल अडखळत होतं. समोरच्या भिंतीला टेकून पोरगा उभा होता. तो सगळं बघत होता. पट्टी त्याने पाहिली होती, आईने उचलली तीही पाहिली होती. त्याच्या तोंडावरून काहीच कळत नव्हतं. एकोणीस वर्षांच्या पोराच्या मनात काय असतं ते देव जाणे; आणि या पोराला तर रांगता असल्यापासून एकच गोष्ट सांगितली गेली होती.

"दोनदा चालवलंस," आत्या म्हणाली. तिने आवाज मोजले होते.

"बाहीला दुहेरी शिवण असते, आत्या."

"हं." मग जरा वेळाने, सहज सांगावं तसं, "पत्ता लागला त्याचा."

टेपबाईचा पाय थांबला.

"कुणाचा, वन्सं?" कोटवालीने विचारलं.

"कुणाचा काय? त्याचाच. शहरात आहे. लिफ्ट दुरुस्त करतो. आडनाव बदललंय, पण बापाचा चेहरा कुठे बदलणार? आपल्या दुधवाल्याच्या भाच्याने ओळखला. बायको आहे, एक पोरगी आहे." आत्याने मान टेपबाईकडे वळवली. तिच्या पांढुरक्या डोळ्यांना दिसत नव्हतं, हे टेपबाईला माहीत होतं, तरी तिने अंग चोरलं. "आणि सासू शिवणकाम करते म्हणे. इथेच कुठेतरी, आपल्या भागात. का गं थांबलीस?"

"दोरा तुटला." दोरा तुटला नव्हता.

"किती बायका असतील गं इथे शिवणकाम करणाऱ्या?"

आकडा सांगायचा म्हटलं तरी एक-दोनच्या पुढे टेपबाईला काही आठवेना.

"पुष्कळ आहेत, वन्सं," कोटवाली म्हणाली. तिचा आवाज अगदी रोजचा होता. "घरोघरी मशीन आहे हल्ली. माझ्या बहिणीकडेसुद्धा आहे."

आत्याने मान हलवली. पटल्यासारखी की नाही, ते कळायला मार्ग नव्हता.

कोट झाला. टेपबाईने जोड इस्त्रीखाली धरला, पाणी शिंपडलं, पुन्हा दाबला, पुन्हा. वाफ आली, ओल्या लोकरीचा वास दुकानभर पसरला. याहून जास्त वेळ काढता येत नव्हता. तिने कोट टेबलावर पालथा पसरला आणि सुतळीसाठी हात पुढे केला. मनात ठरवलं होतं, आपलं टोक चार बोटं आत धरायचं आणि जुळलं म्हणायचं.

"तू नको," आत्या म्हणाली. "कोट तुझ्या हाताखालचा, मापही तुझ्याच हाताने कशाला? पोरा, तू धर. कोट तुझा आहे."

पोरगा भिंतीपासून निघाला. आत्या टेबलाच्या डाव्या बाजूला उभी राहिली, बोटांनी डाव्या खांद्याची शिवण शोधली, पहिली गाठ तिच्यावर ठेवून अंगठ्याने दाबली. डाव्या खांद्यातला जोड तिच्या अंगठ्याच्या अगदी शेजारी होता. अंगठा हलला नाही. पोराने दुसरं टोक घेतलं आणि सुतळी ताणली.

दुसरी गाठ शिवणीच्या अलीकडे आली. चांगली चार बोटं. तपकिरी कापडावर काळी गाठ, आणि तिच्यापुढे ओसाड जागा. आंधळी सोडून कुणालाही दिसली असती.

पोराने गाठीकडे बघितलं. मग आईकडे. कोटवालीने दोन्ही हात छातीशी घट्ट धरले होते आणि ती नुसती बघत होती, नाहीही म्हणत नव्हती आणि होही. मग त्याने टेपबाईकडे बघितलं. टेपबाईला वाटलं, आत्ता याच्या पाया पडावं. नात चार वर्षांची आहे, तिला बापाच्या खांद्यावर बसायची सवय आहे, असं काहीतरी ओरडावं.

"काय झालं?" आत्या म्हणाली. "बोल की."

"जुळलं, आत्या," पोरगा म्हणाला.

"बरोबर?"

"बरोबर शिवणीवर."

आत्याचा दुसरा हात उचलला गेला. बोटं सुतळीवर टेकली आणि हळूहळू सरकायला लागली, डावीकडून उजवीकडे, गाठ शोधत. मानेपर्यंत आली. मानेच्या पुढे गेली. टेपबाईने काय केलं ते तिचं तिलाही नंतर नीट आठवेना. तिने इस्त्री उचलली आणि आत्याच्या बोटांसमोर, कोटावरच, धाडकन ठेवली.

"इस्त्री गरम आहे! हात सांभाळा, आत्या!"

आत्याने चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. सुतळी सुटली. "वेडी आहेस का गं? अशी आपटतात?"

"ओलसर राहिला होता खांदा. चुकलं."

"घाल रे कोट," आत्या म्हणाली. तिचा स्वर चिडका होता, आणि टेपबाईच्या जिवात थोडा जीव आला, कारण चिडलेलं माणूस निदान विचार करत नसतं.

पोराने कोट घातला. आत्याने त्याचे खांदे धरले, हाड शोधलं, शिवण शोधली. शिवण हाडाच्या पुढे अर्धा इंच लोंबत होती. तिने एकदा चाचपलं, दोनदा, तिसऱ्यांदा. तिचा हात त्याच्या दंडावर तसाच राहिला आणि अचानक ती एक थकलेली म्हातारी दिसायला लागली, भावाचा कोट धरून उभी असलेली.

"अजून नाही," ती म्हणाली. "परवा घालायची गरज नाही. मी सांगेन सगळ्यांना. पुढच्या वर्षी."

काठी पायरीवरून उतरली. कोटवाली तिचा हात धरून गेली. जाताना तिने मागे वळून बघितलं नाही, आणि टेपबाईला ते बरं वाटलं, कारण तिने बघितलं असतं तर टेपबाई रडली असती आणि आत्याचे कान शाबूत होते.

पोरगा मागे राहिला. सुतळी टेबलावर विसरली होती, ती घ्यायला. अंगात कोट तसाच होता.

"मावशी," तो हळू आवाजात म्हणाला, "ती मुलगी केवढी आहे?"

खोटं बोलायचं असतं तर हीच वेळ होती. कुठली मुलगी, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं.

"चार वर्षांची," ती म्हणाली.

"मी नऊ महिन्यांचा होतो." त्याने सुतळी बोटांभोवती गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली. "मला बाबांचं तोंडपण आठवत नाही. कोटच आठवतो." मग विचारलं, "पुढच्या वर्षी काय करणार? कापड कुठून आणणार?"

टेपबाईने खालचा खण ओढला. आता लपवून काय राहिलं होतं? पाठ कापलेला, पट्ट्या काढताना एक बाही सुटलेला, कॉलर लोंबणारा कोट तिने टेबलावर ठेवला. पोराने बटणाला हात लावला, मग स्वतःच्या बटणाला. एकच शिंग, एकच चार भोकं, एकाच हाताने ओवलेला दोरा.

"हा कुणाचा?"

"त्याच्या बापाचा."

पोराचा हात हळूच उजव्या खांद्यावर गेला, जिथे पट्टी होती. मग डाव्या. तो अंगातला कोट आत्ता काढून फेकून देईल असं टेपबाईला वाटलं, आणि मग काय होईल हे तिला मनात आणायचंही धैर्य नव्हतं. ज्या माणसाने बापाला गोळी घातली त्याचं कापड दोन्ही खांद्यांवर घेऊन तो उभा होता. तो बाकावर बसला.

"हे किती वर्षं पुरेल?"

"चार. ओढूनताणून पाच."

"आणि माझे खांदे? आता थांबले असतील ना वाढायचे?"

पुरुषाचे खांदे पंचविशीपर्यंत भरत जातात, हे टेपबाईला माहीत होतं. माळावरच्यांचे तर तिशीपर्यंत. "थांबले," ती म्हणाली. "आता एवढेच."

तो तिच्याकडे बघून किंचित हसला. त्याला पटलं नव्हतं, पण ती खोटं का बोलली ते कळलं होतं. "पुरवा मग," तो म्हणाला, "मीही बघतो काय करता येतं ते," आणि उठला.

टेपबाई दारापर्यंत गेली. रस्त्याच्या टोकाला आत्या आणि कोटवाली थांबल्या होत्या. पोरगा त्यांच्याकडे निघाला, सरळ, ताठ, बापापेक्षा उंच. दहा-पंधरा पावलांवर तो जरा थबकला. मग त्याने खांदे खाली सोडले, छाती आत घेतली आणि मान पुढे काढली. कोट लगेच त्याच्या अंगावर ढगळ झाला, बाह्या बोटांवर आल्या. आत्याने हात पुढे केला तेव्हा त्याने तसाच, वाकलेला, आपला खांदा तिच्या हाताखाली दिला, आणि ते तिघं चालायला लागले.

तीस वर्षं टेपबाई प्रत्येक गिऱ्हाइकाला म्हणत आली होती, "ताठ उभे राहा, ताठ." आज तिने दाराची चौकट धरून ठेवली. एकोणीस वर्षांचं पोरगं म्हाताऱ्यासारखं पोक काढून रस्त्याने जात होतं, आणि ते जन्मभर तसंच चालत राहो, एवढंच तिला वाटत होतं.